योनाची निनवे

(मद्रास, मैलापूर. १९८५ सालातली एक दुपार. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले सेतुमाधव रविवारी घरी चार लोकांना जमवून बायबलातल्या गोष्टींवर बोलतात. त्याची तयारी सुनेला, भवानीला, ऐकवत आहेत.)

सेतुमाधव : ...म्हणून सांगतों, फारो म्हणजे कोणी मिसरचा राजा नव्हे. आपल्या आत दगड जाहलेलं काळीज, तोच फारो. आणि मोशे म्हणजे त्या दगडाशी रोज हुज्जत घालणारी बुद्धी. लिहून घेतेस की सुम्मा, नुसतीच बसलीस?

भवानी : ऐकतेय, मामंजी. कॉफी निवतेय तुमची.

सेतुमाधव : निवू दे. शाळेत पाद्रीसाहेब म्हणत, हे सगळं घडलेलं आहे. मी मनात म्हणे, घडलेलं नव्हे, घडत असलेलं. येशूला धरून नेलं तेव्हा त्याचाच शिष्य पेत्र तीनदा 'मी त्यास ओळखत नाही' म्हणाला ना? ती भीती. सगळ्यांच्या पोटात एक पेत्र असतोच की. तैसाच योना. ह्या रविवारी योना घेतों.

भवानी : मागच्या रविवारीही योनाच होता. त्याआधीच्याही.

सेतुमाधव : लोकांस आवडतो.

भवानी : येतात पाच-सहा जण, त्यातले निम्मे तुमचे जुने विद्यार्थी. त्यांना तुमचं काहीही आवडतं.

सेतुमाधव : अय्यो! सांगलीची पोर. इतकी वर्षं सांबार खाऊनही तुझ्या जिभेचा तिखटपणा गेला नाही.

भवानी : मामंजी, थोड्या वेळानं गुरुमूर्ती येणार आहेत.

सेतुमाधव : भटजी? कशाला? श्राद्धपक्ष तर लांब आहे.

भवानी : मी बोलावलंय. तुम्हाला न विचारता.

सेतुमाधव : ...पुढे ऐक. योना जहाजात बसला, वादळ आलं, समुद्रात पडला. मोठ्या माशानं गिळलं. बुडाला का? नाही. माशाच्या पोटात जिवंत होता. मासा म्हणजे काय?

भवानी : दर्भाचं शरीर करून विधी करतात म्हणे. ज्यांचा देह मिळत नाही त्यांच्यासाठी. त्याचा दिवस ठरवायला येताहेत.

सेतुमाधव : मासा म्हणजे काय म्हणून विचारलं मी.

भवानी : बोट बुडून सात वर्षं झाली, मामंजी. कंपनीनं कळवलं, सरकारनं कळवलं. तुम्ही एकदा तरी 'गेला' म्हणालात?

सेतुमाधव : थोमा आठव. इथंच, आपल्या सांथोमला त्याच्या नावाचं देऊळ आहे. तो काय म्हणाला? येशू मरून उठला म्हणता, पण त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. त्यास कोणी हाकलून दिलं नाही. मग मला कोण हाकलणार?

भवानी : थोमाला जखम दाखवायला कुणीतरी आलं होतं. आपल्याकडेही आला होता. आठवतो तो तुतिकोरीनचा खलाशी? वाचलेल्यांपैकी? ह्याच खुर्चीवर बसला होता.

सेतुमाधव : मला त्या दिवशी बरं नव्हतं.

भवानी : तुम्ही आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलंत. ते सगळं मी एकटीनं ऐकलं. मला तेव्हा तमिळ धड येत नव्हतं, म्हणून तो हातांनी करून दाखवत होता.

सेतुमाधव : मला नको सांगू.

भवानी : तो म्हणाला, होडी सुटत होती तेव्हा तो वायरलेसच्या खोलीशी धावत गेला. ह्यांना म्हणाला, चला. हे हेडफोन कानाला लावून बसलेले. मान वर केली नाही. नुसता हात केला, असा. तू जा.

सेतुमाधव : ...असा?

भवानी : असा.

सेतुमाधव : लहानपणी अभ्यासास बसला की आईस तसाच हात करी. जेवायला बोलावलं तरी.

भवानी : मला माहीत नव्हतं.

सेतुमाधव : तुज कोण सांगणार? दोनच वर्षांचा तुमचा संसार. त्यात निम्मा तो समुद्रावर.

भवानी : मामंजी, तुमचाच योना मी तुम्हाला विचारते. चिडू नका. तो जहाजात मुळात का बसला?

सेतुमाधव : पळत होता. देवानं निनवेस जा म्हणून सांगितलं, हा उलट्या दिशेस निघाला.

भवानी : आणि निनवे म्हणजे? एखादं गाव नव्हे ना?

सेतुमाधव : नव्हे. जिथं पाय टाकण्याचा धीर होत नाही, ती मनातली जागा.

भवानी : मग योना कोण? समुद्रात गेले ते? त्यांना जिथं बसायला सांगितलं होतं तिथून ते हलले नाहीत. ते पळाले नाहीत, मामंजी.

सेतुमाधव : दे ती कॉफी इकडे.

भवानी : मी चुकीचं बोलले का?

सेतुमाधव : नाही. तीस वर्षं पोरांस शिकवलं, गोष्टीतलं माणूस बाहेर शोधू नका, आत शोधा. आणि मी लेकास माशात बसवून ठेवलं. माशात असला की जिवंत असतो ना. रोज सकाळी उठून तेवढंच पाहत होतों.

भवानी : मीही होते त्याच माशात. कुणी घरी आलं की तुम्ही सांगायचात, 'भवानीचा नवरा बोटीवर आहे.' मग मला हसून कॉफी आणावी लागायची.

सेतुमाधव : पावम्, बिचारी! पोरी, मी तुज रडू पण दिलं नाही.

भवानी : तुम्हीही कुठं रडलात?

सेतुमाधव : विधी करायचा म्हणजे अग्नी मीच द्यायचा ना? मूल नाही, भाऊ नाही. बापानं लेकास.

भवानी : गुरुमूर्ती म्हणाले, नको वाटलं तर दुसऱ्या कुणाच्या हाती दर्भ देता येईल. तुमचं वय झालंय.

सेतुमाधव : दुसरा कशाला? मी आहे की. दार वाजतंय बघ, तेच असतील. बसव त्यांस, पाणी दे. मी तोंड धुऊन येतों.

भवानी : बरं.

सेतुमाधव : आणि भवानी, आधी एक सांगून ठेव त्यांस. मंत्रात त्याचं नाव घ्यायचं येईल, तिथं जरा थांबा म्हणून. मला वेळ लागेल.