चिलीच्या मंगळवारचं गुलाबी कार्ड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे अधीक्षक श्री. मार्लिन ओबर्ग, शाळा मंडळाच्या अध्यक्षा श्रीमती जोलीन टीमन, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती श्रीमती आर्डिथ क्रूगर, शिक्षकवर्ग, बसचालक बंधू, आजी-माजी विद्यार्थी, त्यांचे आईवडील, आणि भाषणं संपायच्या आतच केकच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी लव्हॉन हृस्का. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला केसांवर जाळी आणि हातात डाव अशाच अवतारात पाहिलंय, म्हणून नाव सांगितलेलं बरं. गेली वीस वर्षं मी या शाळेच्या स्वयंपाकघरात आर्डिथच्या हाताखाली काम करते. कागदावर मी 'श्रीमती क्रूगर' असं लिहून आणलंय, पण वीस वर्षं अगं-तुगं केल्यावर ते काही माझ्या तोंडात बसत नाही. तेव्हा आर्डिथ म्हणते. अध्यक्षमहाराज, चालेल ना? ते मान डोलवताहेत. ठीक.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे, हे आधीच सांगते.

आर्डिथबद्दल काय बोलावं? या बाईने एकतीस वर्षं रोज तीनशे दहा पोरं जेवू घातली. एका ताटामागे सरकार जे देतं, त्यात तुमच्याआमच्या घरी धड कॉफी होणार नाही. त्यात हिने दूध बसवलं, फळ बसवलं, भाजी बसवली. कोठीच्या दारावर महिन्याचा तक्ता लावलेला असायचा. सोमवारी कुस्करलेला बटाटा, गुरुवारी कोंबडी, आणि गुरुवारची कोंबडी उरली की शुक्रवारी ती सूपमध्ये नवं नाव घेऊन यायची. एका वर्षी सरकारी पुरवठ्यात जर्दाळूचे चाळीस डबे आले. कोणी मागवले नव्हते, कोणाला नको होते. आर्डिथने डब्यांकडे असं पाहिलं की मला त्या जर्दाळूंचीच दया आली. मे महिन्यापर्यंत आपल्या पोरांनी ते सगळे खाल्ले, आणि एकालाही पत्ता लागला नाही. आता लागला. माफ करा, पोरांनो.

पण आर्डिथ म्हटलं की तुम्हाला आठवतो तो चिलीचा मंगळवार. बरोबर ना? वाटीत राजमा-खिम्याची गरम चिली आणि शेजारी दालचिनीचा गोड रोल, आपल्या नेब्रास्काची जुनी जोडी. श्री. ओबर्ग ओरेगॉनहून नवीन आले, तेव्हा ताटाकडे बघून म्हणाले होते, "हे गोड चुकून वाढलंय का?" आर्डिथ म्हणाली होती, "साहेब, नेब्रास्कात चुकून आलात का?" आता ते दोन रोल घेतात. मी बघते, साहेब.

तुमच्या हातात जी छापील पत्रिका आहे, तिच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय, 'आर्डिथच्या प्रसिद्ध बटाटा रोलना निरोप.' ती ओळ छापून आली, त्या दिवसापासून मला झोप नाही. कारण त्या रोलची खरी गोष्ट या सभागृहात एकट्या मला ठाऊक आहे, आणि ती मी एकोणीस वर्षं गिळून बसले आहे.

आर्डिथ, तू जरा इकडे बघ. नाही, नको बघूस. बघितलंस तर मला बोलता येणार नाही.

तेव्हा आम्ही तिघी होतो. आर्डिथ, मी आणि डेल्मा पेत्स्का. तरुण मंडळींना डेल्मा माहीत नसेल. शेजारच्या गावात चौकात जी बेकरी आहे, ती डेल्माची. ती आणि आर्डिथ लहानपणापासूनच्या मैत्रिणी. आर्डिथच्या लग्नात करवली म्हणून उभी राहिलेली डेल्मा, चर्चमध्ये एका बाकावर आर्डिथशेजारी बसणारी डेल्मा. या दोघी बोलायला लागल्या की मधे मला सूप घोटायचं काम. मला नोकरीला लागून सातच महिने झाले होते. माझा नवरा जीन पाठीच्या ऑपरेशननंतर घरी आडवा होता, आणि त्याच्या औषधपाण्याचा विमा माझ्या या नोकरीतून होता. आर्डिथ शिस्तीची कडक. माझ्या आधीच्या बाईला तिने कोठीची किल्ली हरवली म्हणून घरी पाठवलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. खरं तर सबब म्हणूनच सांगते आहे. एकोणीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले.

आमच्या स्वयंपाकघराला धुण्याचं यंत्र नव्हतं. दर शुक्रवारी तिघींचे एप्रन पाळीपाळीने एकीच्या घरी जायचे, आणि सोमवारी धुऊन परत. मोरीवर आर्डिथच्या अक्षरात पाटी होती: 'आधी खिसे बघा.' त्या शुक्रवारी पाळी माझी होती.

रोलची कृती एका गुलाबी कार्डावर होती. आर्डिथच्या आधीच्या मुख्य स्वयंपाकिणीच्या हातची, तीनशे ताटांच्या मापाची. ते कार्ड पत्र्याच्या डब्यातून बाहेर काढायचं नाही, असा आर्डिथचाच नियम. पण त्या शुक्रवारी ती मैद्याची मागणी लिहायला ते घेऊन कोठीत गेली होती. परत येताना ते तिने एप्रनच्या खिशात टाकलं, आणि विसरली.

मी खिसे पाहिले नाहीत.

शनिवारी सकाळी यंत्रातून एप्रन काढले, तर सगळ्यांवर गुलाबी कपटे. खिशात लगदा. एका कपट्यावर शाईने लिहिलेलं 'यीस्ट' एवढं वाचता आलं, बाकी काही नाही. मी अंगणात जाऊन एप्रन झटकले, एकेक कपटा वेचला, आणि ठरवलं की सोमवारी पहिल्यांदा हेच सांगायचं.

सोमवारी आर्डिथने डबा उघडला. कार्ड नाही. तिने अख्खं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. "लव्हॉन, तू पाहिलंस?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, "नाही गं." दोन शब्द. तेवढे बोलून झाले, आणि मग खरं सांगायची वाटच बंद झाली.

मंगळवार उजाडला. फेब्रुवारी महिना, बर्फामुळे अंड्यांची गाडी आलेली नाही, चिली चुलीवर, आणि रोलचं तीनशे ताटांचं माप कोणालाच धड आठवत नाही, कारण दर वेळी कार्ड समोर ठेवूनच करायचो. आर्डिथने अंदाजाने पहिला घाणा काढला. तो खिडकीवर मारला असता तर काच फुटली असती. साडेआठ वाजले होते. आर्डिथ म्हणाली, "आज पोरांना ब्रेडचा तुकडा देऊ." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा डेल्मा म्हणाली, "रडतेस काय वेडाबाई? कालचा बटाटा उरलाय ना? तो पिठात घाल. आमच्या आईची अंडी संपली की ती हेच करायची."

"बटाटा? गोड रोलमध्ये?"

"हो, बटाटा. दूध पावडर दुप्पट घे, आणि ते पीठ असं बडवू नकोस. त्याने तुझं काय वाकडं केलंय?"

अकरा वाजता ट्रे बाहेर आले. मऊ, ओलसर, वर दालचिनी पाझरलेली. पोरांनी ट्रेला चिकटलेली साखर बोटांनी खरवडून खाल्ली. ते बटाटा रोल, मंडळी. त्या दिवसापासून ते आपल्या शाळेत आहेत, आणि ते डेल्मा पेत्स्काचे आहेत. गावच्या वर्तमानपत्राने ते आर्डिथच्या नावावर छापले. आर्डिथने ते कधी खोडलं नाही. पण त्यावर मी बोलणं बरं नव्हे. माझ्या तोंडाला ते शोभत नाही.

आता पुढचं. डेल्माने महिनाअखेर नोकरी सोडून बेकरी काढायचं ठरवलं होतं. ते आम्हाला माहीत होतं. निरोपाला केक कोणता करायचा, इथपर्यंत आमचं बोलणं झालं होतं. त्या दुपारी भांडी घासताना आर्डिथ एकदम थांबली आणि म्हणाली, "डेल्मा, कार्ड नसताना तुला इतकं नेमकं माप कसं सुचलं गं?"

"हाताला सवय आहे."

"की खिशात कार्ड आहे? बेकरीत उपयोगी पडेल, नाही का?"

मी कांदे सोलत होते. डेल्माने आर्डिथकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, चांगला बराच वेळ. मला वाटलं, मी तिची बाजू घ्यावी असं तिला वाटतंय. मी कांदे सोलत राहिले. तिने डोक्यावरची जाळी काढली, टेबलावर ठेवली आणि गेली. केक झाला नाही. कॉफी झाली नाही. अकरा वर्षं या पोरांना जेवू घातलेली बाई मागच्या दाराने, कचऱ्याच्या पिंपांजवळून निघून गेली. त्यानंतर गावभर झालं की डेल्माने शाळेचं कार्ड चोरलं. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी ते ऐकलंय. काहींनी ते माझ्याकडूनही ऐकलं असेल, कारण कोणी विचारलं तर मी 'असं म्हणतात खरं' एवढंच म्हणायचे.

एकोणीस वर्षं या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. आर्डिथचा नवरा हॅरल्ड गेला, तेव्हा दफनानंतरच्या जेवणासाठी डेल्माने चर्चमध्ये चार ट्रे रोल पाठवले. आर्डिथ म्हणाली, "तिच्या हातचं माझ्या नवऱ्याच्या जेवणाला नको." ट्रे तसेच राहिले. ते मी घरी नेले. जीनने आठवडाभर खाल्ले आणि म्हणाला, "काय सुंदर झालेत!" मी त्यालाही सांगितलं नाही.

मला लाज वाटते. याहून सुबक शब्द मी शोधले, सापडले नाहीत.

दोन आठवड्यांपूर्वी पत्रिका हातात आली, आणि मी गाडी काढून डेल्माच्या बेकरीत गेले. ती आता शहात्तर वर्षांची आहे. गल्ल्यावर बसली होती. मी म्हटलं, "डेल्मा, कार्ड मी धुतलं." एवढंच म्हटलं आणि रडायला लागले. तिने मला एक रोल दिला आणि म्हणाली, "माहीत आहे. सोमवारी एप्रनच्या घड्या कोणी घातल्या होत्या? मीच ना? आर्डिथच्या खिशाच्या शिवणीत गुलाबी कपटा होता."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुझा जीन अंथरुणाला खिळलेला. मी काय, जाणारच होते. तुला राहायचं होतं. म्हटलं, आठवड्याभरात ही आपणहून सांगेल." मग चष्मा पुसत म्हणाली, "तुझा आठवडा जरा लांबला बघ."

मी विचारलं, "आर्डिथला कपट्याचं नंतर का नाही सांगितलंस?" तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. "लहानपणापासूनची मैत्रीण मला चोर म्हणते, आणि मी तिला पुरावा दाखवू? पुरावा बघून विश्वास ठेवायला ती काय पोलीस आहे?"

आर्डिथ, हे तिचे शब्द. मी एकही बदललेला नाही.

सोमवारपासून तुझी जागा मला मिळणार आहे. श्री. ओबर्ग, श्रीमती टीमन, हे ऐकल्यावर तुमचा निर्णय बदलला तर मी हूं की चूं करणार नाही. जीनची पाठ आता बरी आहे, आमचं चालेल. पण ते तुम्ही उद्या बघा. आज दुसरं काम आहे.

शाळेच्या आवारात, झेंड्याच्या खांबापाशी एक तपकिरी गाडी उभी आहे. डेल्मा तिच्यात बसली आहे. दीड वाजल्यापासून. मी तिला आत चल म्हणून विनवलं, तर म्हणाली, "मी त्या स्वयंपाकघरातून हाकललेली बाई. माझी मी आत येणार नाही. तू आधी सगळ्यांसमोर सांग. मग आर्डिथ स्वतः बोलवायला आली तर बघू. अडीचपर्यंत थांबते, मग माझी पावाची भट्टी आहे."

आता दोन वाजून वीस मिनिटं झाली आहेत.

तेव्हा अध्यक्षमहाराज, मान्यवर आणि श्रोतेहो, तुम्ही हे शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. मंडळाचे आभार, केक करणाऱ्या सातवीच्या पालकांचे आभार. माझ्या बोलण्यात कोणाचं नाव राहिलं असेल, मानपान चुकला असेल, वेळ जास्त झाला असेल, तर तेवढ्याची क्षमा तुम्ही मला करावी. बाकीची क्षमा तुमच्या हातात नाही, ती मी तुमच्याकडे मागत नाही.

आर्डिथ... अगं, सावकाश. त्या पायरीवरून जप. कोणीतरी तिचा हात धरा. नको म्हणतेय, राहू द्या, तिला एकटीला जाऊ द्या. मंडळी, जरा वाट द्या तिला. आणि केक कोणी कापू नका.