माडाला टांगलेलं गाडगं

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढं जाऊ. जे धरून ठेवलं ते आपलं, की जे सोडलं ते आपलं? मृदंगवाले, तुम्ही नका सांगू, तुम्ही अजून पान सोडलं नाहीत!

तर ऐका. खाडीकाठी वेळशेत गाव. तिथं सरस्वती मयेकर, सगळ्यांची सरूवयनी. नवरा भिकाजी. लग्नाच्या वर्षी दोघांनी परसात एक माड लावला. दरवर्षी पाऊस ओसरला की भिकाजी त्याला आळं करायचा, सुक्या मासळीची कुटी खत म्हणून घालायचा. वास असा, की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे!

एका मार्गशीर्षात भिकाजी गेला. अस्थी घरात घेत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. गाडग्यात घालून त्या माडालाच टांगल्या. दहाव्याला खाडीत सोडायच्या. पण वयनी म्हणाली, "राहू देत थोडे दिवस."

थोडे दिवस! दोन वर्षं झाली. रोज संध्याकाळी ती माडाखाली बसायची, दिवसभराचं सगळं त्याला सांगायची. कुणाला आळं खणू देईना. म्हणे, त्यांना धक्का लागेल. कुटी थांबली. माड पिवळा पडला, नारळाची कोवळी बोंडं गळू लागली.

धाकटा दीर रघुनाथ माडाखालची माती तपासून आला. "वयनी, मातीत स्फुरद उरलं नाही."

"ते काय असतं?"

मंडळी, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, एवढंच मला ठाऊक; शाळेत विज्ञानात चौतीस गुण. पण रघुनाथानं सांगितलं ते मलाही कळलं. म्हणाला, "डोंगराच्या दगडात असतं. पाण्यानं झिजून मातीत येतं, मुळांतून झाडात, घासातून आपल्या हाडांत. वाहून गेलं की खाडीत, तिथून मासळीत. दादा कुटी घालायचा ती त्यासाठीच."

वयनीनं गाडग्याकडं पाहिलं. "यांच्या हाडांतही?"

"हो."

"मग सोडलं तर परत येतील?"

रघुनाथ खोटं बोलला नाही. "थोडं मासळीतून येईल, वयनी. कुणाच्या माडाला, ते कोण सांगणार? बाकीचं समुद्राच्या तळाशी बसेल. त्याचा दगड होईल, कधीतरी डोंगर होऊन वर येईल. आपल्या हयातीत नाही."

 वयनी स्वतः उठली, गाडगं सोडलं, पदर खोचून ओहोटीच्या पाण्यात कमरेइतकी शिरली. गाडगं रिकामं केलं आणि मोठ्यानं रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पुढल्या वर्षी पाऊस ओसरला. आळं तिनं खणलं. कुटीची मूठ टाकली आणि हळूच विचारलं, "आलात का?"

 दुसरी मूठ टाकली. "आलात का?"

माडाला नारळ धरले. ती मात्र शेवटपर्यंत दरवर्षी, दर मुठीला विचारत राहिली.

आता तुम्ही सांगा. तुमच्या दारात काय टांगलंय? कुणाची आठवण, कुणावरचा राग, कुणाची वाट? हसू नका, माझ्याही दारात एक आहे. वयनीसारखं रडत सोडलं तरी चालेल. पण खाली माड वाळतोय, मंडळी. घरी जाल तेव्हा आधी तो बघा.