शेजारची सीट

योकोहामातल्या टायरच्या दुकानात आपली गाडी तयार होईपर्यंत मियाकेसान चहा पीत बसले होते. समोर म्हातारे कुवाबारा, त्यांची बायको फुसाए आणि दुकानदार ओनोदेरा यांच्यात चांगलीच जुंपली होती.

"स्पोर्ट्स कारची उंची आधीच एवढी कमी करून घेतलीत, आता वर अठरा इंची चाकं आणि असले रुंद टायर? सतराच घ्या."

"अहो ओनोदेरासान, मडगार्डखाली बोटभर जागा उरते की!"

"तुम्ही एकटे असाल तेव्हा. वहिनी शेजारी बसल्या की गाडी दबणार आणि टायर घासणार."

"माझ्या वजनावर जाऊ नका हं, भावजी!"

"राहू दे, फुसाए. सतराच बसवा, ओनोदेरासान. हिला सोडून मी कुठे जाणार?"

"काही सतरा-बितरा नको. धाकट्या भावाचे बूट घातल्यासारखी दिसते गाडी!"

"अगं, मग तू बसणार कुठे?"

"बसमध्ये. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसतेय, पण ती धावताना कशी दिसते ते मला आतून कधी दिसलंय? मी आधी जाऊन घाटातल्या वळणावर उभी राहते. तुम्ही या मागून."

मियाकेसानांची गाडी केव्हाच तयार झाली होती. पण अठरा इंची चाकं बसेपर्यंत ते काही जागचे हलले नाहीत.