ओटीपी आणि भोंगा

"हॅलो? … हॅलो? माणूसच आहात ना? की परत ती रेकॉर्ड? … आहात. सुटले बाई."

बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात ती मघापासून कंपनीचं तेच तेच गाणं ऐकत उभी होती. एका कानाला मोबाइल, दुसऱ्या हातात वायरलेसचा माइक. खिडकीबाहेर समोरच बंदराचं तोंड, पण धुक्यात धक्क्यावरची क्रेनसुद्धा दिसत नव्हती. आणि त्याच धुक्यात कुठेतरी तिच्या भावाची बोट होती.

"ऐका साहेब, तुमचं ते नकाशाचं मशीन… हो, बोटीवरचं, खडक दाखवतं ते. काल धक्क्यावर असताना त्यानं आपल्या मनानं अपडेट घेतलं. आज भर धुक्यात म्हणतंय, मालक असाल तर ओटीपी टाका. … नाही हो, मशीन माझ्यासमोर नाही! मशीन समुद्रात, भाऊ समुद्रात, ओटीपी माझ्या मोबाइलवर. … कारण तिथे रेंज नसते, म्हणून घेताना माझा नंबर दिला. तुमचाच माणूस म्हणाला, ताई, तुमचा द्या. … काय? मशीन उघड्या आकाशाखाली न्यायचं? अहो, समुद्रात आहे ते! आणखी किती उघड्यावर नेऊ?"

पलीकडून खूप वेळ समजूत घालणं चाललं असावं.

"पाठवता? पाठवा. पण हा तिसरा आहे, आणि तुम्ही तिसरे साहेब. … थांबा, फोन कानाचा काढून बघते. ठेवू नका हं! … दादा, घे लिहून. चार, शून्य, नऊ… हातमोजा काढ ना आधी! … नऊ, दोन… काय? संपला?"

तिनं माइकचं बटण सोडलं.

"साहेब, मुदत संपली म्हणतंय. … अहो, वायरलेसवर आधी एकानं बोलायचं, मग दुसऱ्यानं. तुमचा ओटीपी तेवढा दम धरत नाही. … कुलूप? उद्यापर्यंत? सुरक्षेसाठी? कोणाच्या हो? चोरटा मशीन घेऊन धुक्यात खडकांजवळ बसेल, आणि वर मलाच ओटीपी विचारेल? … शांत व्हा म्हणू नका. मी शांतच आहे. मी ओरडले तर तुम्हाला फोनची गरज पडणार नाही. … वरिष्ठांना द्या. … मीटिंगमध्ये? बरं, बसू दे त्यांना. … हं दादा, बोल. … नांगर धरत नाही? … लाटा फुटतायत? कुठल्या बाजूला? … दोन्ही?"

भिंतीवर भोंग्याचं लाल बटण होतं. पाळी बदलताना दाबायचं. एरवी वाजला, तर अमोनियाची गळती समजून सगळ्यांनी हातातलं काम टाकून पळायचं. मागे एकानं चुकून दाबलं होतं. मालकांनी त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं.

तिनं फोन टेबलावर टाकला, दार उघडलं.

"ऐका रे सगळे! भोंगा देतेय. गळती नाही, कोणी पळायचं नाही! … मालकांचं मी बघते!"

भोंगा सुरू झाला तशा काचा थरथरल्या. एका हातानं बटण दाबून धरत तिनं माइक ओढला.

"दादा! मशीन विसर. इंजिन हळू कर, कान दे. भोंगा कुठल्या कानाला येतोय? … डाव्या? मग डावीकडे घे. … अजून. … आता? … दोन्हीला सारखा? मग तसाच ये नाकासमोर. मी सोडत नाही."

टेबलावरचा फोन अजून बोलतच होता. तिनं तो खांद्यात धरला.

"हां, बोला साहेब. … हा आवाज? हे आमचं कस्टमर केअर. दाबलं की लगेच उचलतं. … नाही, थांबा… गप्प बसा जरा."

क्रेन असते त्याच्या पलीकडे धुक्याला एक पिवळा डाग पडला. मग डोलकाठी दिसली. मग एका हातानं सुकाणू धरून दुसरा कानावर ठेवलेला भाऊ.

बटणावरचं तिचं बोट पांढरं पडलं होतं. तिनं ते हळूच उचललं.

"हॅलो. … हो, लागली धक्क्याला. … काय लिहिताय? ‘तक्रारीचं निवारण झालं’? लिहा ना. पण कोणी केलं तेही लिहा. … तारे? किती तारे देऊ म्हणता? … राहू द्या साहेब, ठेवते. आमच्या मालकांचा फोन येतोय. तो मला पहिल्याच रिंगला घ्यावा लागतो."