आग्रह न करणारं मशीन
तुम्ही आज कॉम्प्युटरशी बोलता, यार, पण ऐंशीच्या दशकात इथे अमेरिकेत, एडिसन गावात, आमच्या वानखेडेकाकांनी काय केलं ते ऐका. साध्या इंग्रजीत सांगितलेलं समजणारा एक प्रोग्राम मी घेतला होता. काका इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. त्यांना तो पटला असता, तर दिवाळीच्या पाकिटांवर हाताने पत्ते लिहिण्यातून माझी सुटका होती.

काका स्क्रीनपासून हातभर लांब बसले. "पलीकडून कोण वाचतंय?"

"कोणी नाही, काका. टाइप करा."

त्यांनी एडिसनच्या मेंबरांची नावं मागितली. मशीनने उलट विचारलं, "एडिसनच्या मेंबरांची नावं दाखवू का?"

"मागितल्यावर परत विचारतोय? याच्या मनात द्यायचंच नाही!" काकांनी 'नो' टाइप केलं. स्क्रीन कोरी झाली.

"काका, नो कशाला म्हणालात?"

"पहिल्यांदा नकोच म्हणतात! याने थोडा आग्रह करायला नको?"

तेवढ्यात माझी इथेच जन्मलेली मुलगी आली. "काका, चहा?"

"नको गं, नको."

"ओके," म्हणून ती निघून गेली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "हे घरात कधीपासून आहे?"