गुडघा उत्तम आहे

हॅलो?… हो, मीच… दवाखान्यातून? हो, हो, तुमचं पत्र मिळालं, ताई. बाह्यरुग्ण विभागातली सेवा कशी वाटली, ते. उत्तर लिहायला दोनदा बसलो, पण भाषा मनासारखी जमेना. राहूनच गेलं. माफ करा… फोनवर सांगितलं तर चालेल? बरं.

अगं, दवाखान्यातून आहे… नाही गं, काही झालेलं नाही मला!

हं, बोला ताई… बसायची सोय? छान होती. बाकाला पाठ होती, पंखा फिरत होता… वाट? पाहिली बरीच. पण दोष माझाच. कान-नाक-घशाच्या खोलीसमोर बसून राहिलो… विचारणार कुणाला? सगळे कामात. शेवटी एका सिस्टरनीच हाताला धरून योग्य दारात नेलं. त्यांना पाचपैकी पाच. सहा देता येत नाहीत का?… बरं, पाच.

डॉक्टर? फार सज्जन. त्यांनाही पाच… हो, गुडघा. गुडघा उत्तम आहे… मलमानं? नाही, म्हणजे… आधीही उत्तमच होता.

नाही हो, चेष्टा कशी करीन? त्याचं असं झालं, मी आत जाऊन गुडघ्यावर हात ठेवून बसलो. डॉक्टर म्हणाले, "गुडघा का, आजोबा?" इतक्या आपुलकीनं विचारलं, की… हो म्हणून गेलो. बाहेर ही एवढी रांग. उगाच त्यांचा वेळ…

खरं कशासाठी आलो होतो? जाऊ द्या ना ते… बरं, हात. उजवा. वाचता वाचता पुस्तक गळून पडतं. आधी जाडजूड पडायची, आता पातळही पडतात… हो, बोटं बधिर होतात. कालपासून शर्टाचं बटणही लागत नाही…

अगं, ओरडू नकोस! हो, तू रोज चोळतेस तो चांगलाच गुडघा… सांगणार होतो गं. पण तू इतक्या मनापासून चोळत होतीस, जिवावर आलं… असेन मूर्ख, पण हळू बोल. त्या ऐकताहेत!

हॅलो, ताई? ही आमची सौ.… तुमचंही तेच मत? बरं… डॉक्टरांना जोडून देता? आत्ता? नको, नको, जेवत असतील ते. निदान मी आधी दोन वाक्यं मनात जुळवतो… ताई? हॅलो?

…नमस्कार, डॉक्टर… हो, हो, बरा आहे… म्हणजे, नाही. बरा नाही. गुडघा नव्हताच तो, हात आहे. उजवा. पकड जाते… कालपासून जास्तच… तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?… उद्या सकाळी आलो तर?… आत्ता? लगेच?… नाही, एकटा कसला! ही चपला घालून दारात उभी आहे… निघतो, डॉक्टर. ठेवतो हं. नाहीतर ही मला मागे ठेवून एकटीच पोहोचेल.