इवायाले घातलेली टोपी

...नाही नाही, तुमीच सांगा, डोक्सं मोठं असनं हा काय गुन्हा हाय काय? मंग मले सजा काहून? मी देवमन, वाशीमात मोटरपंप दुरुस्तीचं दुकान हाय माहं, जळालेली मोटर आनून टाका, मी तार भरून देतो, पंप पानी फेकते, कास्तकार खुश, मी खुश, कोनाच्या अध्यात नाही का मध्यात नाही. पन आपल्या इकडची रीत तुमाले मालूम हाय, लग्न असो, वास्तू असो, नाहीतं तेरवी असो, मानाच्या मानसाले दुपट्टा अन् टोपी द्या लागते. दुपट्टा ठीक हाय, दुपट्ट्याले नाप नसते. टोपी? ते लोकं मोठ्या हौसेनं माह्या डोक्यावर टोपी ठेवते, अन् ती बसतच नाही ना बाप्पा, नुसती टेकते. मान हालवली का खाली. मंग मी एका हातानं टोपी धरू का त्याच हातानं अक्षता टाकू? साऱ्या सोयऱ्यांच्या अल्बममंदी मी डोक्याले हात लावून बसेल हावो. पाहनाऱ्याले वाटते, याले आताच कोनं काहीतरी वाईट बातमी सांगतली.

घरी येऊन बायकोजवळ कुरकुर केली का ती, म्हंजे आमची पंचफुला, भाकर थापता थापता मान बी न उचलता म्हनते, "टोपीच तं हाय."

टोपीच तं हाय! तिचं डोक्सं हाय लिंबाएवढं, तिले काय समजते!

मंग एक दिवस गेलो रऊफभाईकडं. टेशनाच्या रस्त्यावर त्याचं टोप्या-अत्तराचं दुकान हाय, जुना दोस्त हाय माहा, म्हनलं, भाई, साऱ्यात मोठी काढ. त्यानं काढली. नाही बसली. त्याच्याहून मोठी काढली. नाही बसली. मंग त्यानं टेप घेतला, माह्या डोक्याच्या भोवतालून फिरवला, आकडा पाह्यला, चष्मा पुसला, पुन्हा पाह्यला अन् म्हने, "देवमनभाई, ये सर है के हंडा?" मी उठून चाललो होतो, तं त्यानं हात धरून बसवलं अन् मोबाइल पुढं केला. "नाराज मत हो. ये देखो, पुराने जमाने के साहब लोगों की टोपियाँ. ऑनलाइन लिलाव में निकलते रहती. उनमें तुम्हारे सरीखे सर वाले भी रहते थे." मी म्हनलं, मेलेल्या मानसाची टोपी घालू? तं रऊफभाई म्हनते, "तो क्या हुआ? टोपीच तो है."

आता हर्रासी मले काही नवी नाही. मार्केट यार्डात लहानपनापासून पाहून राह्यलो, तुरीचा ढेर पडेल हाय, अडत्या बोंबलून राह्यला, व्यापारी भुवई उडवते, अन् झाला सौदा, समोरासमोर. या मोबाइलच्या हर्राशीत तसं नसते, तुमाले सांगतो. कोनी दिसत नाही, कोनी बोलत नाही, दिवसभर सामसूम, मले वाटे माह्याशिवाय या टोपीले गिऱ्हाइकच नाही, म्हनून मी सकाळी बोली लावून बिनघोर मोटर बांधत बसलो अन् सांजच्याले पाहातो तं शेवटच्या मिनटाले कुठूनशे सारे टपकले अन् टोपी घेऊन पसार. मंग मी बी शिकलो. मोबाइल मांडीवर घेऊन मांजर बसते तसा दबून बसो, अन् शेवटच्या घडीले बोट दाबो, अन् दाबता दाबता तोंडातून ओरडनं निघे, लहानपनची सवय. पंचफुला आतून विचारे, "कोनासोबत भांडून राह्यले?" मी म्हनो, हर्रासी चालू हाय. तं ती म्हने, "आपल्या घरी तं तूर बी नाही."

पयली टोपी आली. फोटोत राजावानी दिसे. हातात घेतली तं कसरीनं खायेल, उजेडाले धरली तं दिवसा चांदन्या दिसल्या. दुसरी आली ते टनक, पांढरी, शिकारीवाल्या साहेबाची. आता मले काय मालूम का तथं लिहेल नाप टोपीच्या बाहेरून घेतलेलं असते! कानावरच अडकली. मी ती माळ्यावर ठेवली, तं पंचफुलानं काढून तिच्यात कोंबडी बसवली. म्हंजे अंडे ठेवले अन् वरतून कोंबडी. अन् तुमाले सांगतो, त्या कोंबडीले ती टोपी बरोबर झाली. कोंबडीले होते, मले होत नाही. मी काही बोलाच्या आत हिचं तयारच, "टोपीच तं हाय."

अन् मंग आली तिसरी... थांबा, जरा पानी घेतो.

तपकिरी. फेल्टची, म्हंजे लोकर दाबून दाबून बनवते ना, तशी. भोवती काळी फीत. आतून चामड्याची पट्टी, मऊ, कोन्या बाप्याच्या घामानं काळी पडेल. डब्यातून काढली, दोन्ही हातानं धरली, अन् भीतभीत डोक्यावर ठेवली, तं ती खाली उतरली. ऐका बरं, उतरली! कपाळाच्या वर येऊन मुकाट थांबली. मान हालवली. नाही पडली. खाली वाकलो. नाही पडली. आरशापुढं उभा राह्यलो अन् मले रडू आलं. हसू नका. आख्खा जलम माह्या डोक्याले सारे हंडा, घागर, भोपया म्हनत आले, अन् कुठल्या तरी मुलखात माह्याच नापाचा एक मानूस होऊन गेला, त्यानं मस्तपैकी टोपी घातली, फिरला, अन् जाता जाता माह्यासाठी ठेवून गेला. मले कसं वाटलं सांगू? सोयरा भेटल्यावानी वाटलं.

म्या ठरवलं, ही टोपी घालाची ते चंदाच्याच लग्नात. चंदा म्हंजे माही एकुलती एक पोरगी, धनज गावाले देल्ली. डबा कपाटात नीट ठेवला, कोनाले हात लावू देल्ला नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी पाहातो तं डबा नाही. म्हनलं, पंचफुलानं गर्दीतून हालवला असन, चांगलं केलं.

इवायभेटीची वेळ झाली. इवायभेट तुमाले मालूम हाय, पोरीच्या बापानं पोराच्या बापाले टोपी घालाची, दुपट्टा द्याचा, गळ्यात पडाचं. समोर आमचे इवाई, जगदेवराव, हातभर मिशा अन् डोक्सं म्हनाल तं नारळाएवढं. माइकवाला ओरडून राह्यला, "आता देवमनभाऊ इवायबुवाचा मान करून राह्यले, टाया वाजवा!" पंचफुलानं ताट पुढं केलं. म्या दुपट्टा उचलला. अन् दुपट्ट्याखाली कोन बसेल हाय? माही टोपी!

मी पंचफुलाकडं पाह्यलं. ती दात आवळून, हसऱ्या तोंडानं, कानाजवळ म्हनते, "आहेराच्या टोप्या कमी पडल्या. डब्यातली भारी दिसली. इवायाले साधी देऊ काय? घाला लवकर, टोपीच तं हाय."

सारा मांडव पाहून राह्यला. वाजंत्रीवाला ढोलावर काडी उचलून थांबेल. आता तुमी सांगा, ताटातून टोपी परत घेता येते काय? पोरीचा बाप हावो मी! माह्याच हातानं, या या हातानं, माही टोपी उचलली अन् इवायाच्या डोक्यावर ठेवली. ती सरकली ते सीधी नाकावर. आतून आवाज आला, "वा! चांगली ऐसपैस हाय." अन् मागून कोनतरी चहाटळ बोललाच, "देवमननं इवायाले टोपी घातली रे!" सारा मांडव हसला. मी कोनाले फसवलं? टोपी घातली म्या, अन् लुटल्या गेलो बी मीच.

तिथून माही झोप गेली. दर खेपेले काहीतरी निमित्त काढून धनजले जावो. पाहू तं काय, इवाई टोपीत पेपर कोंबून घालून राह्यले. माह्या टोपीत पेपर! एकदा साधी नवी टोपी घेऊन गेलो, म्हनलं, इवायबुवा, ही तुमच्या नापाची हाय, ते तपकिरी उन्हात खराब होते, तिले सावलीत, वाशीमातच ठेवा लागते. ते मिशीले पीळ देऊन म्हनते, "तुमी मानानं देल्ली टोपी मी वापस करीन? एवढा हलका समजले काय मले?" चंदा चहा घेऊन आली अन् हळूच म्हने, "बाबा, तुमी टोपीसाठी येऊन राह्यले ना? सासूबाई विचारत होत्या, तुमचे बाबा सारखे वर खुंटीकडं काहून पाहाते. माही इज्जत ठेवा थोडी." आता पोरगी असं म्हनल्यावर बाप काय करन? म्या खुंटीकडं पाहानं सोडलं. खुंटीच्या बाजूले पाहो.

शेवटी म्हनलं, जाऊ द्या, दुसरी पाहू. पुन्हा मोबाइल, पुन्हा दबून बसनं. अन् सापडली ना बाप्पा! काळी, तशीच, माह्याच नापाची. बोली लावली. समोरून कोनंतरी वाढवली. म्या वाढवली. त्यानं वाढवली. कोन हाय हा माहा दुश्मन? एवढ्या मोठ्या डोक्याचे दुनियेत आमी किती असन, अन् त्यातला एक नेमका आजच जागा हाय! शेवटचा मिनिट लागला, बोट उचललं, अन् फोन वाजला. इवाई!

"इवायबुवा, रामराम. घाईत हावो. तुमी देल्ली तशीच एक काळी टोपी मोबाइलच्या हर्राशीत दिसली, चंदानं शिकवलं मले. पन कोनतरी हरामखोर आडवा येऊन भाव वाढवून राह्यला हो! तुमाले यातलं समजते म्हनते, काय करू?"

माहं बोट हवेत. हरामखोराचं बोट. तुमाले सांगतो, एक दाब देल्ला असता तं टोपी माही होती. पन डोयापुढं चंदा उभी राह्यली, चहाचा कप घेऊन.

म्या म्हनलं, "दाबा इवाई. तो हरामखोर आता नाही वाढवत."

"पळाला!" इवाई तिकडून ओरडले. "भेकड साला! मैदान सोडून पळाला!" म्या म्हनलं, व्हय इवायबुवा, अभिनंदन.

मंग धीर करून विचारलं, आता काळी आली म्हंजे ते तपकिरीचं काय? मनात म्हनलं, आता तरी मले वापस देतीन. तं म्हनते, "ते बुजगावन्याले घालतो ना. टोपीच तं हाय."

महिन्याभरानं एका इतवारी पयल्या गाडीनं धनज गाठलं. तुरीचं वावर, मधात काठीवर मडकं, अन् मडक्यावर माही टोपी. बरोबर बसेल. मी इवायाले म्हनलं, घेऊन जाऊ काय? ते काळी टोपी नाकावरून वर करत म्हनते, "न्या ना, तुमचीच हाय. पन इवाई, जवापासून ही घातली तवापासून रोही, ते निलगाई हो, वावरात पाय ठेवत नाही. आजूबाजूचं सारं खाल्लं, आपली तूर उभी हाय." चंदा बांधावर उभी होती. नुसती तुरीकडं पाहात होती. माह्याच पोरीच्या घरचं पीक. नेऊ कशी?

मंग आमचं ठरलं. दर इतवारी मी धनजले जातो. मडक्यावरची टोपी काढतो, माह्या डोक्यावर घालतो, अन् त्याच्या जागेवर हात पसरून उभा राहातो. जेवढा वेळ उभा, तेवढा वेळ टोपी माही. रोही येत नाही, इवाई खुश, चंदा खुश, अन् टोपी, काय सांगू, अशी बसते...

मागच्या इतवारी दोन बाया बांधावरून चालल्या होत्या. एक थांबली, निरखून पाह्यलं अन् दुसरीले म्हने, "काव माय, जगदेवभाऊच्या बुजगावन्याचं पोट किती सुटलं पाह्य."

म्या सारं ऐकलं. पन हाललो नाही. हालू कसा? इवायाचं वावर हाय ते.